कारंज्याचा ठराव

निऱ्यांना पिना लावत होते, तेवढ्यात खालून जैतूनबीची हाक आली. "ताई, चला की. बायका निघाल्या." मी खिडकीतून डोकं काढून आले आले म्हटलं आणि परत आरशासमोर उभी राहिले. दिवाळीला घेतलेली जांभळी इरकल होती, तिची अजून घडीसुद्धा मोडली नव्हती. नवी इरकल निऱ्यांत फुगते, पिनांशिवाय ती आवरत नाही. सभेला चाललीस का लग्नाला, असं आमच्या ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, लग्नं काय उठल्यासुटल्या असतात, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची सभा वर्षातून एकदाच असते. ते गिरणीची किल्ली घेऊन खाली उतरले. पिठाच्या गिरणीत दिवसभर बसणाऱ्या माणसाला बोलायची सवय कमीच असते.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अजूनही दोन घरांत जुंपेल. सोलापूरकडचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. आमचा वॉर्ड त्या खेपेला बायकांसाठी राखीव झाला, म्हणून मी उभी राहिले. खरं तर उभी केली गेले. पण निवडून आणलं ते मात्र बाजारातल्या बायकांनी. आमच्या वॉर्डातच भाजीबाजार भरतो. जैतूनबी तिथं कोथिंबीर-मेथी घेऊन बसायची. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळावं. प्रचारात ती माझ्या पुढं चालायची आणि दारोदार सांगायची, ही आपली बाई हाय, हिला आपलं दुखणं सांगता येतं.

दुखणं एकच होतं. बाजारात बायकांना जायला जागा नव्हती. पुरुषांसाठी एक भिंत होती, तिचा वास लांबूनच रस्ता सांगायचा. बायकांसाठी ती भिंतही नव्हती. बाजाराच्या मागं पडीक जागा होती, बाभळीनं वेढलेली, तिथं तिन्हीसांजेला अंधार पडू लागला की दोघीतिघी मिळून जायच्या. दिवसभर कळ सोसायची. म्हणून जैतूनबी सकाळी घरातून चहा पिऊन निघाली की घरी परतेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे, मग उन्हाळा असो नाहीतर काही असो. डॉक्टरनं तिला बजावलं होतं, पाणी पी, नाहीतर ही लघवीची जळजळ वाढत जाईल. ती मला म्हणाली होती, "पिते की. मग जाऊ कुठं, त्याच्या दवाखान्यात?"

आणि त्या वर्षी नगरपालिकेनं काढलं कारंजं. रंगीत दिव्यांचं, भोवती बाग, बागेला तारेचं कुंपण. जागा कुठली, तर तीच बाभळीची. कारंजं झालं की होता तो आडोसाही जाणार होता.

मला तेव्हा फार उत्साह. अंदाजपत्रकाची प्रत नगरसेवकांना सभेच्या आधी मिळते. बाकीचे ती गुंडाळून कपाटावर टाकायचे. मी ती घेऊन बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या गिरणीच्या ओट्यावर बायकांना बोलावलं. ओट्यावर खडूनं चौकोन आखले. एक रस्त्यांचा, एक दिवाबत्तीचा, एक कारंज्याचा, एक सत्काराचा, एक अध्यक्षांच्या गाडीचा, एक स्मशानातल्या लाकडांचा, एक बाजाराचा. गिरणीत चिंचोक्यांचं पोतं होतं, त्यातले मूठभर चिंचोके घेतले आणि कागदावर जसं होतं तसं चौकोनांत मांडून दाखवलं. कारंज्यावर ढीग झाला. बाजाराच्या चौकोनात एकच पडला. बायका बघत राहिल्या. मग मी म्हटलं, आता तुम्ही मांडा, पैसे तेवढेच, हात तुमचे.

काय सांगू, भांडणं नुसती. गंगूबाई धोत्रेला देवळापुढचे दिवे हवे होते. कुणी गाडीच्या चौकोनातले सगळेच चिंचोके उचलले, तर दुसरी म्हणाली, अगं राहू दे थोडे, माणूस चालत गेला तर साहेब त्याचं ऐकत नाहीत. स्मशानातल्या लाकडांच्या चौकोनाला मात्र कुणी हात लावू दिला नाही. एक तरणी सून हळूच म्हणाली, थोडं कारंजं राहू द्या की, पोरं बघतील. जैतूनबीनं तिला सांगितलं, पोरांना नळाखाली उभं कर, तेवढीच अंघोळ होईल. हसूनहसून पुरेवाट झाली. शेवटी कारंज्याच्या चौकोनात दोन चिंचोके उरले, तेही त्या सुनेच्या शब्दाखातर. बाजाराच्या चौकोनात बायकांचं स्वच्छतागृह बसलं, पाण्याचा नळ बसला, वर पत्र्याची सावलीसुद्धा बसली. आणि एक पैसा जास्त लागला नाही. मला इतका आनंद झाला होता की रात्री जेवण गेलं नाही. आपण नगरसेविका झालो ते ह्याचसाठी, असं खरंच वाटलं होतं.

ते सगळं मी उपसूचना म्हणून कागदावर लिहून काढलं. उपसूचना म्हणजे ठराव मांडला गेला की त्यात बदल सुचवायचा, मग त्यावर हात वर करून मत घ्यावंच लागतं. विरोधी बाजूच्या चौघांनी पाठिंबा देतो म्हटलं होतं. आमच्यातलेही दोघं कबूल होते. मला फक्त उभं राहून ते वाचायचं होतं.

आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या सभागृहात सगळे पुरुष. आम्ही तिघी बायका, त्यातल्या दोघींचे नवरेच मागच्या बाकावरून बोलायचे. आणि पहिल्याच रांगेत माझे चुलत सासरे, नानामामंजी. त्यांच्यासमोर घरात मी डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही. त्या माणसासमोर उभं राहून म्हणायचं, की बाजारात बायकांना लघवीला जागा नाही. स्वच्छतागृह हा शब्द कागदावर बरा दिसतो. तो तोंडात आला की माझे कान तापायचे. आरशापुढं मी पुष्कळदा म्हणून बघितलं, दर वेळी त्या शब्दापाशी आवाज खाली जायचा.

सभेच्या दिवशी नगरपालिकेच्या जिन्यात बायकांची गर्दी होती. बाजार सोडून आल्या होत्या, म्हणजे दिवसाची कमाई सोडून. मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. जैतूनबीनं सभागृहाबाहेरच्या माठातलं पाणी तांब्या उलटा करून प्यायलं. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "आज प्यायला हरकत न्हाई. आज सोय व्हनार हाय." मी पर्स काखेत दाबली आणि आत जाऊन माझ्या खुर्चीवर बसले. पर्समध्ये उपसूचनेचा कागद होता.

नगराध्यक्ष मगरसाहेब आले. गोड माणूस. बाईमाणसाला ताई म्हटल्याशिवाय बोलायचे नाहीत. त्यांनी भगिनींचं स्वागत केलं, भगिनी इतक्या संख्येनं आल्या हे लोकशाहीचं वगैरे बोलले, आणि मुख्य लिपिक हेरवाडे यांना खूण केली. हेरवाडे उठले, चष्मा पुसला आणि वाचू लागले. विषय पहिला, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकास मंजुरी देणे. सूचक, सौ. शालन तोडकर.

माझं नाव.

आमच्याकडं अंदाजपत्रकाच्या ठरावाचा सूचक होणं हा मोठा मान होता. कायद्यात तो मान कुठं लिहिलेला नसेल, पण गावात होता. सूचकाला अध्यक्षांच्या हातून शाल-नारळ मिळायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा. तोवर एकाही बाईला तो मिळाला नव्हता. नानामामंजींना मिळाला होता, त्याचा फोटो त्यांच्या बैठकीत फ्रेम करून लावलेला मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते.

नाव वाचलं मात्र, मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. बायकांना वाटलं, ताईंनी मांडलं, आपलं मांडलं. जैतूनबी तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मगरसाहेबांनी हसून हात जोडले आणि हेरवाड्यांना म्हणाले, लिहून घ्या, टाळ्यांच्या गजरात. मग रिवाजाप्रमाणं विचारलं, कुणाची उपसूचना? विरोधी बाजूचे शेख वकील माझ्याकडं बघत होते. मगरसाहेबही माझ्याकडंच बघत होते. ते म्हणाले, "सूचक ताई आहेत म्हटल्यावर उपसूचना कोण देणार?" सगळे हसले. नानामामंजींनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि कौतुकानं मान हलवली. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

आपल्याच ठरावाला आपण उपसूचना देऊ शकत नाही. साधा नियम आहे. शेख वकिलांनी उठायचा प्रयत्न केला, पण कागद माझ्या पर्समध्ये, आकडे माझ्या कागदावर. ते काहीतरी म्हणाले, तोवर मंजूर मंजूर असा गलका झाला. हेरवाडे पुढच्या विषयावर गेले. मी पर्सची कडी उघडली नाही. अंगावर शाल पडली, नारळ हातात आला, फोटोवाल्यानं इकडं बघा म्हटलं. मी बघितलं.

बाहेर आवारात लिंबाखाली बायका जमल्या होत्या. जैतूनबीनं गुळाचा खडा आणला होता, तो दगडावर फोडून ती तुकडे वाटत होती. मला बघितल्यावर तिनं सगळ्यात मोठा तुकडा माझ्या तोंडात घातला. म्हणाली, शाल काय झकास दिसती, जांभळ्यावर पिवळी. मी गूळ चघळत राहिले.  बोलायला हवं होतं, तिथंच, तेव्हाच. पण त्या इतक्या हसत होत्या, आणि मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू.

उद्याची वेळच आली नाही. शेख वकील जिना उतरून आले. ते चिडले होते, आणि बायकांचा गूळ बघून त्यांना आणखीच राग आला. त्यांनी सगळं फोडून सांगितलं. मंजूर झालं ते कारंजं, तुमचं काही झालेलं नाही, आणि टाळ्या वाजवून तुम्हीच ते मंजूर केलंत. तुमच्या ताईंना सूचक करून त्यांचं तोंड बांधलं. असं म्हणून ते निघून गेले.

 गंगूबाईनं हातातला गूळ पदराच्या टोकाला बांधला. बायका माझ्याकडं बघत होत्या. जैतूनबी पुढं आली. तिनं दोन्ही हातांनी माझ्या खांद्यावरची शाल धरली, म्हणजे सारखी केली.

"ताई, तुमचं नाव घालनार हायत, हे तुम्हाला आधी ठाव होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "मला काही माहीत नव्हतं."

ती वळली आणि बायकांना म्हणाली, "बघा. बाईला फसवलं." आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. गंगूबाई रडायला लागली. माझ्यासाठी रडत होती ती. बायकांनी माझ्याभोवती कोंडाळं केलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी मगरसाहेबांना शिव्या घातल्या. मग जैतूनबी मला बाजूला घेऊन कानात म्हणाली, हितं बायकांची मोरी कुठं हाय, लई कळ आली. मी चौकशी केली. होती एक, पण अधिकाऱ्यांची, आणि तिची किल्ली साहेबांबरोबर जेवायला गेली होती. ती तशीच पोटाशी हात धरून घरापर्यंत चालत गेली. मी रिक्षात बसले. शाल-नारळ घेऊन कुणी चालत जात नाही.

मी खोटं बोलले होते. आदल्या दिवशी दुपारी हेरवाडे आमच्या घरी आले होते, विषयपत्रिका द्यायला म्हणून. चहा झाला. मग ते म्हणाले, अध्यक्षांच्या मनात आहे यंदा सूचक म्हणून ताईंचं नाव घालावं, आजवर बाईमाणसाला हा मान नाही. घालू का?  मी विचारलं, मग माझी उपसूचना? हेरवाडे सरळ माणूस होते, त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, मग ती येत नाही. तुम्ही ठरवा, मी संध्याकाळपर्यंत थांबतो.

त्यांना थांबावं लागलं नाही. घाला म्हणून मी त्याच बैठकीत सांगितलं. मला कुणी पैसे दिले नाहीत, पद देऊ केलं नाही. तसं काही असतं तर निदान विकले गेले असं तरी म्हणता आलं असतं. मला नानामामंजींसमोर तो शब्द उच्चारायचा नव्हता, एवढंच. आणि शाल हवी होती. घाला म्हटल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की सुटले. दुसरी, की साडी कुठली नेसायची.

कारंजं झालं. बाभळी तोडल्या, तारेचं कुंपण आलं. उद्घाटनाला ते चाललं, पुढं सणासुदीला चालायचं, मग मोटर जळाली आणि हौदात डास झाले. बाजारातल्या बायका लांब ओढ्याकडं जायला लागल्या. गिऱ्हाईक सोडून जायचं, म्हणून बऱ्याच जणी जातच नसत. जैतूनबी दर गुरुवारी माझ्यासाठी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवायची आणि पैसे घ्यायची नाही. नवीन कुणी भेटलं की माझ्यादेखत सांगायची, ह्या ताई आमच्यासाठी भांडनार होत्या, ह्यांना फसवलं. मी जुडी घ्यायचे. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

पुढच्या निवडणुकीला वॉर्ड राखीव राहिला नाही, माझं नगरसेविकापण संपलं. जैतूनबीचं नाही संपलं. ती बायका घेऊन नगरपालिकेवर जायची, मुख्याधिकारी बदलला की नव्याला भेटायची, एकदा तर कारंज्याच्या कोरड्या हौदात बायकांना घेऊन दिवसभर बसली. ह्यात कितीतरी वर्षं गेली. शेवटी बाजाराच्या मागं, हौद बुजवून, बायकांचं स्वच्छतागृह झालं. फरशी लावलेलं, नळ असलेलं. मला निरोप आला की फीत तुम्ही कापायची. जैतूनबीचा हट्ट होता. मी आजारी आहे म्हणून कळवलं. तिनं उलट निरोप पाठवला, मी ताईपेक्षा जास्त आजारी हाय, मी येनार हाय.

ती खरंच आजारी होती. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा सोलापूरला जाऊन मशिनवर रक्त धुवून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, कारणं पुष्कळ असतात. मी त्या वाक्याला बरेच दिवस धरून राहिले होते. शेवटी मी गेले, तर तिला लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आणलं होतं, अंगाचा नुसता सांगाडा, आवाज मात्र अजून थोडा शिल्लक. उन्हाचं मी पाणी पुढं केलं, तर तिनं बोटांनी दाखवलं, अर्धा पेला. आता पाणीच मोजून मिळत होतं.

माझ्या हातात कात्री दिली. समोर फीत, मागं बायकांची रांग, त्यात किती तोंडं नवीन होती. कुणीतरी बोलायला लागलं की ताईंना त्या वेळी कसं फसवलं गेलं. मला ऐकवेना. मी जैतूनबीच्या खुर्चीपाशी वाकले. कात्री हातातच होती.

"जैतूनबी," मी म्हटलं, "मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी विचारलं होतं मला. मीच हो म्हटलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बाजारात गिऱ्हाईकाकडं बघायची तसं, नीट.

"भांडायला जानारी बाई निऱ्यांना पिना लावून जात न्हाई, ताई," ती म्हणाली. "मी तवाच समजले. लिंबाखाली तुमची शाल सारखी केली, पिना दिसल्या, तवाच."

 मी विचारलं, इतकी वर्षं सगळ्यांना का सांगत राहिलात, की मला फसवलं.

"आमचीच बाई उलटली म्हटलं असतं, तर एक बाई परत आली नसती माझ्यामागं." तिला दम लागला. तिनं थोडं थांबून श्वास घेतला आणि माझा कात्रीचा हात फितीकडं ढकलला. "कापा आता. बायका खोळंबल्यात."

मी फीत कापली. टाळ्या झाल्या. रांग माझ्या अंगावरून आत गेली, हसत, एकमेकींना ढकलत. जैतूनबी खुर्चीत बसून बघत होती. मी विचारलं, तुम्हाला आत नेऊ का धरून? ती म्हणाली, "नको. मला आता व्हतच न्हाई."